अनुभव धागा: मनातलं कागदावर उतरवताना

नौपाडा, ठाणे (धागा मी सुरू करतेय)
रंग, माती, कात्रणं हाताशी घेऊन मनातलं बाहेर काढायचे व्यायाम तुमच्यापैकी कुणी केले आहेत का? समुपदेशकाकडे, शाळेत, घरी, कुठेही. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी दिलं. क्षयरोगातून सॅनेटोरियममध्ये बरं होताना चित्रं काढण्याचा उपयोग त्यांना स्वतःला जाणवला होता. चित्रकला येत नाही म्हणून थांबू नका. काय साहित्य घेतलं, काय केलं, तेव्हा आत काय झालं, एवढं लिहा. एकच विनंती: दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही. 'काळा रंग म्हणजे नैराश्य' असली कोष्टकं इथे नकोत. अर्थ ज्याचा त्यानेच सांगायचा.

खारघर
मुलगा नऊ वर्षांचा. शाळा बदलल्यापासून रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. समुपदेशक ताईंनी सुचवलं म्हणून हॉलमध्ये ब्राऊन पेपर अंथरला, त्याला त्यावर झोपवलं आणि शरीराभोवती स्केचपेनने रेघ ओढली. रंग त्यानेच ठरवले: राग लाल, भीती राखाडी, मजा पिवळी. जिथे जे वाटतं तिथे ते भर, एवढंच सांगितलं. पिवळा पायांत गेला, कारण फुटबॉल. राखाडी पोटात असेल असं मी धरून चालले होते. तो गळ्याशी होता, घट्ट घासलेला. 'याच्याबद्दल सांगशील?' म्हटलं. म्हणाला, 'बाई वाचायला उभं करतात ना, तेव्हा इथे अडकतं.' इतके दिवस 'काय झालं, सांग ना' विचारत होतो, तेव्हा हे कधी आलं नव्हतं. वर्गशिक्षिकांशी बोललो. कोणता उतारा वाचायचाय ते त्या आता त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवतात. पोटदुखी पूर्ण गेलेली नाही, पण कमी झालीय. कागद त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, त्याच्याच सांगण्यावरून.

ऐरोली
रात्रपाळी करतो. घरी आलो की डोळे मिटून डाव्या हाताने कागद भरेपर्यंत गिरगटतो आणि फाडून टाकतो. झोप लवकर लागते.

कोपरखैरणे
हे गेल्यावर मला रडूच येईना. सगळे म्हणायचे, किती धीराची. गणपतीसाठी आणलेल्या शाडूच्या मातीतला उरलेला गोळा भाचीने माझ्या हातात दिला. म्हणाली, 'मावशी, काही बनवू नकोस, नुसती मळ.' कणीक मळण्यात आयुष्य गेलेले हात, मळत राहिले. मध्येच अंगठा खोल गेला नि खळगा पडला. तो बुजवावासा वाटेना. तशीच बसले आणि रडू फुटलं. कागद-रंगांची धास्ती वाटते त्यांनी मातीपासून सुरुवात करावी. बिघडलं असं काही होतच नाही, आणि पाणी लावलं की ती पुन्हा मऊ होते.

वर्तकनगर
शाळेत समुपदेशक आहे. न बोलणाऱ्या मुलांसोबत माझ्या सर्वात कामी येतो तो रेघेचा खेळ. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट तो मुलांसोबत खेळत. मी वेडीवाकडी रेघ मारते, मूल तिचं काहीतरी करतं. मग रेघ त्याची, पाळी माझी. दोघंही काढत असल्याने मुलाला परीक्षा दिल्याचं दडपण येत नाही.

मोठ्यांसाठी बुटांचा खोका घ्या. बाहेरून जगाला दिसते ती मी, आतून फक्त मला ठाऊक असलेली; मासिकांची कात्रणं चिकटवून. आतली बाजू दाखवायची सक्ती कधीच नसते.

एक कळकळीची सूचना. अपघात, अत्याचार असं काही सोसलं असेल तर तो प्रसंग एकट्याने चितारायला बसू नका. आठवणी एकदम अंगावर येऊ शकतात, प्रशिक्षित माणूस सोबत हवा. घरी सुरक्षित जागेचं चित्र काढा, खरी किंवा कल्पनेतली. माझ्याकडे येऊरची झाडं आणि उपवनचं तळं पुष्कळदा येतं. असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सीवूड्स
ताई, घरच्यांनी खोक्याच्या आत पाहायचा आग्रह धरला तर?

वर्तकनगर
सुरू करण्याआधीच सांगून टाका की आत पाहायचं नाही. आणि त्यांनाही एक रिकामा खोका द्या.