नारळीकरांचा महास्फोटाला विरोध: हट्ट की विज्ञाननिष्ठा?

ध्रुवमत्स्य:
जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्यावरच्या लेखांत आयुका ही खगोलविज्ञान संस्था, विज्ञानकथा, पद्मविभूषण सगळं आलं. विश्व एका अतितप्त, अतिघन अवस्थेतून सुरू झालं असं सांगणाऱ्या महास्फोट सिद्धांताला त्यांनी जन्मभर केलेला विरोध मात्र एका वाक्यात उरकला, जणू ती झाकायची गोष्ट. मला तोच त्यांच्या कामाचा गाभा वाटतो. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं तसं नवं द्रव्य निर्माण होत राहतं, ही स्थिर स्थितीची कल्पना १९४८ सालची. त्या द्रव्यनिर्मितीचं 'सी-क्षेत्रा'चं गणित नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत बांधलं. सगळे एका बाजूला असताना प्रश्न विचारत राहणं सोपं नसतं.

अभिजित तारा:
धैर्य मान्य. पण पुरावा? १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी प्रारण जाहीर केलं; महास्फोटानंतर उरलेली ऊब म्हणून ते त्या सिद्धांताचा मोठा पुरावा मानलं जातं. पुढे कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला, तो सुमारे २.७ केल्विनच्या कृष्णवस्तूच्या (सगळं प्रारण शोषणाऱ्या आदर्श वस्तूच्या) आलेखावर तंतोतंत बसला. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारित सिद्धांत आणला. त्यात हे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला! निरीक्षण आधी, तंतू नंतर. नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली तेव्हा २७ ज्योतिषांची उत्तरं ४६ टक्केच बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाहीत, आणि नारळीकरांनी फलज्योतिषाविरुद्ध निकाल दिला. तोच निकष इथे का नाही?

ध्रुवमत्स्य:
तुलनाच पटत नाही. ज्योतिषी कसोटी टाळतात. नारळीकरांनी आपला सिद्धांत कशाने खोटा ठरेल हे स्वतः लिहून ठेवलं. आणि १९९८ साली प्रसरणाचा वेग वाढतोय असं दिसलं. स्थिर स्थितीत तो वाढताच असतो, हे कुणी आठवत नाही.

अभिजित तारा:
एक गोष्ट जुळली म्हणून बाकीची सुटत नाहीत. ड्यूटेरियमचं (जड हायड्रोजनचं) प्रमाण, प्रारणातले चढउतार, हे सगळं महास्फोटाच्या चौकटीत एकत्र बसतं.

कृत्तिका:
दोघंही सिद्धांतावरच भांडताय. १९८८ साली त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. तिथे थानू पद्मनाभन विश्वरचनेवर काम करत होते, तरुण सौरदीप नावाचे शास्त्रज्ञ याच प्रारणावर. दोघांची वाट संचालकांच्या मताविरुद्ध जाणारी, तरी त्यांना जागा मिळाली. हट्टी माणूस आपल्या मताची माणसं गोळा करतो.

अभिजित तारा:
हे पटलं, माणूस म्हणून माझं मत बदललं. तंतूंवरचा आक्षेप मात्र मागे घेत नाही.