आरोग्य विम्याचा प्रीमियम दरवर्षी चढतोय, मग बेस (मूळ) पॉलिसी कमी करावी का?

परळकर: साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामक आयआरडीएआयशी बोलावं लागतं, हा नियम जानेवारी 2025 चा. दिलासा म्हणे! याच 10 टक्क्यांनी 30,000 चे आठ वर्षांत 64,000 होतात. माझं मत: बेस 10 लाखांवरून 5 वर आणा आणि वर 5 लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे पहिले 5 लाख बेसमधून आणि त्यावरचं या जोड-पॉलिसीतून. साधा टॉप-अप नको. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर साधा एक छदाम देत नाही, तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो. सुपर वर्षभराची बेरीज धरतो, 3 लाख देतो.

मुलुंडवाले: कागदावर झकास. पण 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला 1 टक्क्याची अट असली तर मर्यादा दिवसाला 5,000. खोली 10,000 ची घेतली की नुसत्या भाड्याला कात्री लागत नाही, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं निम्मं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या तेवढ्या वाचतात. शिवाय बेस पुढे वाढवायचा म्हटलात तर वाढीव रकमेला वेटिंग (ठरावीक आजारांचा दावा न मिळण्याचा काळ) पहिल्यापासून. मधल्या काळात मधुमेह निघाला तर सरळ नकारही.

परळकर: मग खोलीभाड्याची अट नसलेल्या पॉलिसीत पोर्ट करा, म्हणजे विमा दुसऱ्या कंपनीकडे हलवा. नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज टाका, आणि होकार हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. जुन्या रकमेपुरतं झालेलं वेटिंग धरलं जातं.

गिरगाव चौपाटी: कशाला ही उठाठेव? वर्षाला 30,000 एफडीत टाका, 7 टक्क्यांनी 20 वर्षांत 12 लाख.

मुलुंडवाले: आणि अँजिओप्लास्टी तिसऱ्या वर्षी आली तर? तेव्हा खात्यात लाखही नसतो, काका. एफडी हवीच, पण ती पुढचे प्रीमियम भरायला.

विरार लोकल: गावचा पत्ता देऊन प्रीमियम वाचवणाऱ्यांनी कलमं नीट वाचा. काही योजनांत स्वस्त झोनची (प्रीमियमसाठी पाडलेल्या शहरगटाची) पॉलिसी घेऊन मुंबईत उपचार केले की बिलाचे ठरावीक टक्के (को-पे) खिशातून. गणपतीला चार दिवस गावी जाऊन झोन बदलत नाही!

अंधेरी ईस्ट: आईवडील फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत) असतील तर आधी बाहेर काढा. फ्लोटरचा दर सगळ्यांत मोठ्या वयावर ठरतो, म्हणजे पस्तिशीच्या जोडप्यालाही सत्तरीचा भाव. दोन्ही कोटेशन मागवून बेरीज करा.

परळकर: मान्य. सत्तरी झाली असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, उत्पन्नाची अट नाही, 5 लाखांचं संरक्षण.

मुलुंडवाले: कार्ड काढा, पण त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडू नका. यादीतल्याच रुग्णालयात चालतं. घराजवळचं त्यात आहे का, ते आजच बघा.