थंडीनंतर गोल्फ कोर्सची पाइपलाइन भरताना पंप सरळ चालू करायचा का?

हिरवळ१८: नमस्कार मंडळी. हिवाळ्याआधी आमच्या कोर्सची सगळी लाइन कॉम्प्रेसरने फुंकून रिकामी केली होती. आता जमिनीतला बर्फ वितळलाय, तळंही मोकळं झालंय. यंदा हे काम माझ्याकडे आलंय. मेन लाइन 6 इंची पीव्हीसीची, मध्ये दोन टेकाडं. पंप चालू करून स्प्रिंकलरमधूनच हवा जाऊ दिली तर चालेल ना? मॅनेजरना पाणी उद्याच हवंय.

पाणीवाला: नाही, तसं अजिबात करू नका. रिकाम्या पाइपात पाण्याला अडवणारं काही नसतं, ते सुसाट धावतं. स्प्रिंकलरमधून हवा झटकन निघून जाते, पण मागून आलेलं पाणी त्याच बारीक नोझलशी एकदम अडतं आणि त्याचा दणका अख्ख्या लाइनला बसतो. टी आणि एल्बो, म्हणजे पाइपांचे जोड, निखळतात ते अशानेच.

भरताना पाण्याचा वेग सेकंदाला 2 फुटांच्या वर जाता कामा नये. मी 1 फूटच धरतो. तुमच्या 6 इंची लाइनला तो मिनिटाला साधारण 330 लिटर पडतो. म्हणून मोठे पंप बंद ठेवा आणि एकटा जॉकी पंप (प्रेशर टिकवणारा छोटा पंप) मॅन्युअलवर चालवा. ऑटोवर ठेवलात तर प्रेशर गाठायला तो मोठ्या पंपांनाही ओढून घेईल.

सुरू करण्याआधी दोन्ही टेकाडांवरचे आणि लाइनच्या टोकांचे क्विक कपलर (जमिनीतले, चावीने उघडायचे व्हॉल्व्ह) चावी लावून उघडे ठेवा. आधी नुसती शिट्टी वाजते, मग फुरफुरत दुधाळ पाणी उडतं. इथे माणसं कंटाळून चावी काढतात. तुम्ही काढू नका. धार नितळ आणि एकसारखी झाली की मगच हळूहळू बंद करा.

मोटारमित्र: त्याआधी पंपहाउसमध्ये एक फेरी मारा. मोटारी थंडीभर दमट हवेत उभ्या असतात, वाइंडिंगचं (आतल्या तारांचं) इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासल्याशिवाय वीज देऊ नका. पंपाचे ड्रेन प्लग परत बसवलेत का, सक्शनच्या जाळीत गाळ-पाला अडकलाय का, तेही बघून घ्या.

हिरवळ१८: दोघांचेही आभार. मेन भरली की फेअरवेच्या (खेळायच्या गवताच्या पट्ट्यांच्या) लाइन एकदम उघडल्या तर?

पाणीवाला: एकेक करून उघडा. व्हॉल्व्ह आधी थोडासाच फिरवायचा, ती लाइन भरून हवा निघाली की पूर्ण उघडायचा. सगळं भरल्यावर प्रेशर 50 पीएसआयवर आणून पंप बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्रेशरचा काटा उतरलेला दिसला तर लाइनवरून चालत जा. व्हॉल्व्ह बॉक्समध्ये पाणी साचलंय का, कुठे गवताखाली पाय दबतोय का, ते बघा. गळती नसेल तरच प्रेशर टप्प्याटप्प्याने नेहमीच्या आकड्यावर न्या. मॅनेजरना परवाचा वायदा द्या. मेन फुटली तर खोदाई, नवा सांधा आणि पुन्हा हीच भराई, यात त्याहून जास्त दिवस जातील.