जंताची गोळी आणि जिआर्डिया
शाळेत जंताची गोळी मिळूनही नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांची पोटं का बिघडतात, असा प्रश्न पडतो. अल्बेंडाझोलची ती ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोल कृमी, आकडेकृमी अशा जंतांसाठी असते. पाण्यातून येणारा जिआर्डिया हा जंत नाही, डोळ्यांना न दिसणारा आतड्यातला परजीवी आहे; तो तेवढ्याने जात नाही. त्याचं कवच चिवट, नेहमीच्या क्लोरीनलाही सहसा दाद देत नाही. पाणी खळखळ उकळलं की मात्र मरतो. पण वैशाखात विहिरीच्या तळातून वाटीवाटीने भरलेलं गढूळ पाणी उकळायला सरपण कुठून आणायचं? निदान आश्रमशाळांत तरी उकळलेलं पाणी मिळायलाच हवं. पोट सारखं फुगत असेल, तेलकट, घाण वासाची शी होत असेल तर शौचाची तपासणी करा. एका नमुन्यात जिआर्डिया हुकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या.