नवरा गेलेल्या शेजारच्या पोरीला अन् तिच्या लेकरांना कुठून मदत मिळेल? (नागपूर)

मानेवाडा_वहिनी
नमस्कार, कोणाला नक्की माहिती असेल तर सांगा प्लीज. आमच्या मागच्या गल्लीत एक पोरगी भाड्यानं राहते, २२ वर्षांची, नवरा टिप्पर चालवायचा, दिवाळीच्या आधी अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला. मोठी पोरगी चार वर्षांची अन् लहानगा अकरा महिन्यांचा. तेरवी झाली अन् सासरच्यांनी पाठ फिरवली, माहेरचा एक भाऊ आहे १७ चा, तो दहावी सोडून गॅरेजमध्ये जाऊन राहिला कारण घरात कमावणारं दुसरं कोणीच नाही. परवा मी गेली तर ती बाळाला पाण्यात बिस्किट भिजवून चारून राहिली होती, मला पाहून वाटी पदराखाली घेतली. तेव्हापासून माझं कशात मन लागत नाही. सरकारी ऑफिसला दोनदा जाऊन आली, एकदा म्हणे साहेब मीटिंगमध्ये, एकदा म्हणे हा कागद नाही, कडेवर पोरगं घेऊन ऑटोला पैसे घालून कितीदा जाईल ती? नेमकं कुठं जायचं?

अंगणवाडी_ताई
वहिनी, सगळ्यात आधी दोन्ही लेकरांची नावं जवळच्या अंगणवाडीत टाका. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, मोठीला तिथंच गरम जेवण. बाळाचं वजन करून घ्या अन् दंडाला पट्टी पण लावून घ्या, घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरला तर ते तीव्र कुपोषण, एक दिवस पण न थांबता सरकारी दवाखान्यात न्या.
मग बालसंगोपन योजना, आता तिला सावित्रीबाईंचं नाव दिलंय. बऱ्याच बायांना वाटते की ही फक्त अनाथांची, तसं नाही, बाप गेला अन् आई आहे तरी मिळते. एका लेकरामागे महिन्याला २२५० रुपये, १८ वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे, अन् आदेश बाल कल्याण समिती काढते.

काटोलरोड_मामा
ताईंनी बरोबर सांगितलं, माझ्या भाचीचं मीच केलं म्हणून कागदांचं सांगतो. नवऱ्याचा मृत्यू दाखला, सगळ्यांचं आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, लेकरांचे जन्म दाखले, शाळेत जात असेल तर बोनाफाईड, बँकेचं पासबुक, अन् घरासमोर लेकरांसोबत काढलेला फोटो. मृत्यू दाखल्यावरचं अन् आधारवरचं नाव आधी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, आमच्याकडे एका वेलांटीपायी दोन महिने गेले. तिच्या स्वतःसाठी संजय गांधी निराधार योजना वेगळी, १५०० रुपये महिना, ते तहसीलला. अन् रेशन कार्ड दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात, ते पण विचाराच.
एक मनापासून सांगतो वहिनी, तिला एकटीला पाठवू नका. मी दर खेपेला बहिणीसोबत होतो, एकटी असती तर तिनं दुसऱ्याच खेपेला सोडून दिलं असतं.

धरमपेठकर
इतकं कठीण आहे तर लेकरं बालगृहात का नाही ठेवत, तिथं दोन वेळचं जेवण तरी मिळते.

बालगृहातून_आलेला
दादा, मी तिथंच वाढलो, जेवण मिळते हे खरं आहे अन् मला वाढवणाऱ्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण आई जिवंत आहे, तिला लेकरं पाहिजेत, अन् नुसत्या पैशापायी ती तोडायची? बाल न्याय कायद्यात पण संस्था हा शेवटचा पर्याय आहे. १८ चा झालो त्या दिवशी माझ्याकडे एक पेटी होती अन् दोन ड्रेस. रूम पाहायला गेलो की घरमालक विचारे, "घरचं कोणी आहे का?", अन् मी तसाच जिना उतरून येत होतो. २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या पोरांना राहायची-शिकायची सोय असते, अनाथांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.
म्हणून वहिनी, त्या भावाकडे आत्ताच पाहा. तो पण अजून कायद्यानं लेकरूच आहे. गॅरेज लगेच सुटणार नाही हे समजते, पण १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते. अन् संध्याकाळी मैदानात जाऊ द्या त्याला, आपल्या इथंच विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना फुटबॉलला लावलं, कित्येक जण त्यातून सावरले. मारहाण, उपासमार, काहीही झालं तर लेकरांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८, रात्री दोनला पण लागतो.

मानेवाडा_वहिनी
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, डोळे भरून आले वाचून. काल बाळाचा दंड मोजला, १२ भरला, सेविका म्हणाल्या दर आठवड्याला आणा, आहाराचं पाकीट पण दिलं. मृत्यू दाखल्यावर आडनाव चुकलंच आहे मामा, तुम्ही म्हटलं म्हणून पाहिलं. सोमवारी आधी महानगरपालिकेत ते दुरुस्त करायला जाऊन राहिलो, मी सोबत आहे, बाळ माझ्या सासूबाई सांभाळतील. भाऊ १७ नंबरचं ऐकून काही बोलला नाही, पण रात्री घरी येऊन विचारून गेला की फॉर्म कधी निघतो. कोणाला तारीख माहिती आहे का?