हलत नाही म्हणजे बरं आहे, असं नाही

‘इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू) हलत नाही, दुखत नाही, मग दरवर्षी एक्स-रे कशाला?’ असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. खऱ्या दाताला हाडाशी बांधणारे तंतू असतात, इम्प्लांट मात्र थेट हाडालाच चिकटतो. म्हणून हिरडीजवळचं हाड झिजलं तरी तो उरलेल्या हाडात घट्ट उभा असतो. हलायला लागला की समजायचं, गाडी सुटली.

माझ्या खालच्या दाढेच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटचा अनुभव सांगतो. दुखणं शून्य, फक्त ब्रश करताना थुंकी गुलाबी. धरमपेठेतल्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी मिलिमीटरच्या खुणांची बारीक सळई हिरडीत सरकवली. खोली तीन बाजूंना 3 मिमी, जिभेकडे 7, आणि लगेच रक्त. इम्प्लांटवर कॅप (वरचा कृत्रिम दात) बसवली तेव्हाचा एक्स-रे घरच्या फायलीत सापडला म्हणून तुलना तरी झाली. तो जुना एक्स-रे नसेल तर 2017 च्या जागतिक वर्गीकरणाप्रमाणे 6 मिमी किंवा जास्त खोली, रक्त वा पू, आणि 3 मिमी किंवा जास्त हाड गेलेलं, यावरून इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणाऱ्या या आजाराचं निदान करतात. माझ्यात हिरडी उघडल्यावर कॅपचं उरलेलं सिमेंट निघालं, ज्वारीच्या दाण्याएवढं! ते काढून पृष्ठभाग साफ केला, रक्त थांबलं. गेलेलं हाड काही परत आलं नाही. नुसती हिरडी सुजली असतानाच गेलो असतो तर सफाईवरच भागलं असतं. आणि हो, साखर तपासा, खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडा. मॅडमनी आधी तेच विचारलं होतं.