प्रतिसाद : जैसलमेर म्हणजे नुसती वाळू?

वरच्या चर्चेत जैसलमेर जिल्हा म्हणजे नुसती वाळू आणि किल्ला, असा सूर लागलाय, म्हणून थोडी भर घालतो. क्षेत्रफळाने हा जिल्हा जवळपास केरळएवढा आहे (38,401 चौ.किमी.), आणि त्यात वाळूच्या टेकड्यांइतकीच खडकाळ माळरानंही आहेत. अकल गावाजवळ तर जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेत!

माझ्या मते इथली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे खडीन, म्हणजे पावसाचं पाणी बांधाने अडवून त्या ओलीवर शेती करायची जुनी पद्धत. पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे मिमीच्या आतबाहेर. पालीवाल ब्राह्मणांनी खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या सखल शेतात मातीच्या बांधाने अडवलं. पावसाळाभर ते जमिनीत मुरतं, गाळही साठतो. पेरणीच्या वेळी उरलेलं पाणी मोरीतून सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, वरून पाणी न देता. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली तर तिलाही पाणी लागतं. कुलधरा या पालीवालांच्या ओसाड पडलेल्या गावाच्या भुताच्या गोष्टी सगळे सांगतात, पण तिथले लोक इतकी पक्की शेती करत होते हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

इतिहासाचं म्हणाल तर रावल जैसलने 1156 मध्ये लोद्रव्याहून राजधानी इथे हलवली. शहर वाढलं ते उंटांच्या तांड्यांवर. पुढे मुंबई बंदराकडे व्यापार वळला तशी पेठ ओसरली, आणि 1947 ला सिंधकडची वाटही बंद झाली.